चार मुंजे आणि एक कच्चा लिंबू

पटावरच्या खेळांचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

स. न. वि. वि.

निमित्त खारघरच्या तुम्हा पाच जणांचं आहे. तुमच्या गटाचं नाव लिहीत नाही. खेळ अजून पुरा व्हायचाय, आणि तव्यावरच्या भाकरीला कुणी नावं ठेवू नयेत. पण जे म्हणायचंय ते तुमच्यासारखाच उद्योग करणाऱ्या बाकीच्यांनाही लागू आहे, म्हणून पत्र खुलं.

तुम्ही मला ओळखता, इतरांसाठी सांगते. नौपाड्यात अकरावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. रविवारी दुपारी त्याच खोलीत फळा पुसून डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकत गोष्ट खेळायच्या खेळाचा, पट मांडते. गोष्ट सांगणारी आणि नियम बघणारी, म्हणजे डीएम, मीच. नऊ वर्षं झाली. विद्यार्थी येतात, त्यांची भावंडं येतात, एकदा एका मुलाचे बाबा त्याला न्यायला आले ते रात्री साडेनऊपर्यंत बसून राहिले. नवख्याला शिकवणं हे माझं पोटापाण्याचंही काम आहे आणि हौसेचंही.

तुम्ही ‘येऊन खेळून बघा’ म्हणालात तेव्हा मी मुद्दाम मोठ्या जाऊबाईंना बरोबर आणलं. ठाण्याचा दहा नंबरचा फलाट, पनवेल गाडी, पाऊण तास. जाऊबाई एकसष्ट वर्षांच्या. सहकारी बँकेत कॅशियर होत्या. नोटा मोजताना त्यांची बोटं दिसायची नाहीत. मेंढीकोटात आणि पाच-तीन-दोनमध्ये घरात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. व्हिडिओ गेम मात्र जन्मात खेळलेल्या नाहीत, आणि माझ्या रविवारच्या पटाला त्या ‘तुझं ते भुताखेतांचं’ म्हणतात. तुम्हाला हवा होता तसा अगदी कोरा माणूस.

तुमच्या खेळाची सुरुवात छान आहे. तिन्हीसांजा, पिंपळाचा पार, पारावर विझलेली पणती. जाऊबाईंच्या हाताखाली तिघं: एक मावळा, एक वैद्यीण, एक मांत्रिक. पारामागून चार मुंजे येतात. मुंजे तुमचे, पण आकडे मी लगेच ओळखले. चिलखत १५ (वीसबाजू फाशाचं दान आणि वाराचा अधिक आकडा मिळून एवढं झालं तर वार लागतो), हिट पॉइंट, म्हणजे जीव, ७, वाराला अधिक ४. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतला गॉब्लिन नावाचा बुटका राक्षसच लंगोटी नेसून आला होता. त्याबद्दल तक्रार नाही. जानेवारी २०२३ मध्ये त्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला झाला, श्रेय देऊन कुणीही वापरावा असा. तुम्ही वापरलात आणि श्रेयही दिलंत. (उघड्या अंगाच्या मुंज्याला चिलखत १५ कसं, हे विचारायचं राहिलं.)

मग चौकटी सुरू झाल्या. पहिली चाल करायच्या आधी पडद्यावर एकामागून एक अकरा चौकटी आल्या, मी मोजल्या. इथे दाबलं की चालतो, ही हिरवी पट्टी म्हणजे जीव, ही निळी चकती म्हणजे अमुक. जाऊबाईंनी पहिल्या दोन वाचल्या, चष्मा कपाळावर सरकवला, आणि उरलेल्या नऊ बँकेच्या ॲपमधल्या अटी मान्य कराव्यात तशा पटापट मिटल्या.

मांत्रिकाचा अग्निबाण मुंज्यावर धरला. पडद्यावर ५५ टक्के. “पंचावन्न म्हणजे सेकंड क्लास. चालेल,” म्हणाल्या. बाण गेला पिंपळात. पुढच्या वेळीही पिंपळातच. “हे मशीन खोटं बोलतं का गं?” मावळ्याने एका मुंज्याला जखमी केलं, तशा त्या दुसऱ्याकडे वळल्या, मग तिसऱ्याकडे. पंगतीत वाढावं तसं प्रत्येकाच्या पानात थोडं थोडं. तीन फेऱ्यांनंतर चारही मुंजे जखमी होते आणि एकही मेला नव्हता. तेवढ्यात तिघांनी मांत्रिकाला घेरलं. बिचारा अशक्त माणूस, म्हणून जाऊबाईंनी त्याला मागे नेऊन सुरक्षित ठेवायचं ठरवलं आणि पाराच्या पलीकडे क्लिक केलं. खट, खट, खट. मांत्रिक आडवा.

“अगं, मी मागेच तर गेले. मला तिघांनी का मारलं?”

डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘संधीवार’ असं तीनदा उमटून वर सरकून गेलं होतं. त्यांनी ते पाहिलंही नाही. मला बोलायचं नव्हतं, तशी तुमची अटच होती.

तिसऱ्यांदा हरल्यावर तुमच्यातला एक जण अदबीने म्हणाला, “काकू, डिफिकल्टी कमी करून बघू या का?” तुम्ही मुंज्यांचे हिट पॉइंट ७ वरून ४ वर आणलेत. मुंजे एकेका घावात पडले. जाऊबाई जिंकल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. पुढे वाड्याच्या चौकात सहा मुंजे आले, त्यांनी मांत्रिकाला घेरलं, जाऊबाईंनी त्याला मागे नेलं, आणि तो पुन्हा आडवा झाला. त्यांनी माऊस हलकेच बाजूला सरकवला. “चित्रं फार छान आहेत हो,” म्हणाल्या.

मराठी बाई जेवून उठताना ‘ताट-वाट्या छान आहेत’ म्हणाली की स्वयंपाकाविषयी काय समजायचं, ते तुमच्या आयांना विचारा.

परतीच्या गाडीत त्या गप्पच होत्या. घणसोली गेलं, रबाळे गेलं, ऐरोली येता येता म्हणाल्या, “ते संधीवार म्हणजे काय होतं?” मी म्हटलं, अंगाशी भिडलेल्या शत्रूच्या पुढ्यातून तुम्ही चालत निघालात की त्याला एक फुकटचा वार मिळतो. तसं नको असेल तर त्या खेपेला हल्ला सोडून ‘निसटणे’ हे बटण दाबायचं. त्यांनी क्षणभर बाहेर बघितलं. “एवढंच? मग सांगितलं का नाही?”

पत्राचं कारण हे वाक्य आहे. बाकीचं मी मास्तरकीच्या सवयीने लिहितेय.

घरी येऊन हिशेब मांडला. मांत्रिकाचं चिलखत १२, हिट पॉइंट ८. मुंज्याला वार लावायला वीसबाजू फाशावर ८ किंवा वर हवं, म्हणजे ६५ टक्के. तीन फुकटच्या वारांतले किमान दोन लागण्याची शक्यता जवळपास ७२ टक्के. एका वाराचं नुकसान सहाबाजू फासा अधिक २. दोन वार लागले तर ३६ पैकी ३३ वेळा आठच्या आठ हिट पॉइंट जातात. थोडक्यात, जाऊबाईंच्या त्या एका क्लिकची किंमत होती तीनात दोनदा मरण. मागे सावलीत नेऊन बसवण्याची! मांत्रिक जागीच उभा राहिला असता तरी मुंज्यांची चाल आल्यावर मार बसलाच असता, मान्य. पण निसटून मावळ्याच्या पाठीशी गेला असता तर निदान दोघांना पाराला वळसा पडला असता. हे बटण होतं कुठे? खालच्या पट्टीच्या दुसऱ्या ओळीत, सातवं.

आता माझा मुद्दा नीट ऐका. जाऊबाईंनी ज्या तीन चुका केल्या, त्या तिन्ही व्यवहारज्ञानाने केल्या. धोका दिसला की मागे सरकावं, हे शहाणपण आहे. जखमी झालेला माणूस अर्धा होतो, हेही जगात खरं आहे. तुमच्या नियमांत एक हिट पॉइंट उरलेला मुंजा सातवाल्याइतकाच जोरात मारतो. आणि पंचावन्न टक्के म्हणजे पास, हे तर आम्हीच मुलांच्या डोक्यात भरलंय. सलग तीन चुकण्याची शक्यता अकरात एकदा असते, म्हणजे एका संध्याकाळी दोन-तीनदा व्हायचंच, हे बारावीतल्या मुलांनासुद्धा फासा हातात दिल्याशिवाय पटत नाही.

नवखा माणूस रिकाम्या डोक्याने येत नाही. साठ वर्षांचं जग घेऊन येतो. तुमचा नियम जिथे त्या जगाला सोडून जातो, शिकवायची जागा नेमकी तिथे आहे. तुमच्या अकरा चौकटींनी काय शिकवलं? दाबलं की चालतो. हिरवी पट्टी म्हणजे जीव. जे विचारून किंवा अंदाजाने कुणालाही कळतं ते सगळं सांगितलं, आणि जे अंदाजाने चुकतंच ते तेवढं राहिलं.

तसंच वैद्यिणीच्या आशीर्वादाचं. जाऊबाईंनी तो मंत्र एकदाही वापरला नाही. विचारलं तर म्हणाल्या, “त्यात कुणी मरत नाही ना.” बरोबरच आहे! वर लिहिलंय ‘हल्ल्याला अधिक चौबाजू फासा’. त्यांना ते पाच रुपयांच्या कूपनसारखं वाटलं. प्रत्यक्षात सरासरी अडीच, आणि वीसबाजू फाशावर प्रत्येक एक म्हणजे पाच टक्के. तिघांनाही मिळतो, त्यामुळे पंचावन्नाचे साडेसदुसष्ट होतात. सलग तीन फुकट जाण्याचा प्रकार अकरात एकदा घडत होता, तो एकोणतीसात एकदा घडतो. तुमचा संगणक हे क्षणात काढतो. मग मंत्रावर बोट ठेवताच मुंज्याच्या डोक्यावरचा आकडा ५५ चा ६७ होताना का दाखवत नाही? एक ओळही वाचावी लागली नसती. कॅशियर बाईला आकडा दिसला की पुरतो.

हे रडगाणं आजचं नाही. १९९८ चा ‘बाल्डर्स गेट’ हा व्हिडिओ गेम मी भावाच्या कॉम्प्युटरवर खेळले. (सीडी कुठून आली होती ते विचारू नका.) त्यात डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जुन्या आवृत्तीचे नियम होते, चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम. मी बी.एस्सी.ला गणित घेतलेली मुलगी, आठवडाभर मोठ्या आकड्याची चिलखतं जमवत होते. थॅको नावाच्या आकड्यातून शत्रूचं चिलखत वजा करायचं, उरेल तेवढं दान पडलं पाहिजे, हे कळल्यावर मी वहीच फेकली. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी ते सरळ केलं: आकडा मोठा तर चिलखत मोठं. जे गणित तोवर वर्षानुवर्षं लोकांनी मुकाट्याने सोसलं ते एका फटक्यात गेलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. त्याच ‘बाल्डर्स गेट’मध्ये घर सोडल्यावर लागणाऱ्या पहिल्या सराईच्या पायऱ्यांवर एक मारेकरी जादूगार उभा असायचा. गोड बोलायचा, मग भयमंत्र टाकायचा. आपली माणसं सैरावैरा पळायची आणि माझी चार हिट पॉइंटांची मांत्रिक तिथेच मरायची. किती वेळा मेले याची गणती नाही. तेव्हा वाटायचं, आपल्यातच खोट आहे.

वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, ‘पाथफाइंडर: किंगमेकर’ हा तशाच पटावरच्या खेळाचा व्हिडिओ गेम आला. तिथेही सुरुवातीलाच एक गुहा, गुहेत कोळ्यांचे थवे. मूळ पुस्तकातला नियम असा की इतक्या बारीक जिवांच्या थव्याला तलवार-भाला लागतच नाही. आग हवी, किंवा एकदम पसरणारा मंत्र. नियम चोख आहे. मुंग्यांच्या रांगेवर कोयता चालवून बघा. पण पटावर काय होतं? खेळणारा म्हणतो, “मी तलवार मारते.” मी म्हणते, “तलवार थव्यातून पाण्यातून जावी तशी गेली. चार कोळी मेले, चारशे तुझ्या हातावर चढलेत. भिंतीवर पलिता जळतोय.” बस. नियम सांगितलाही नाही आणि शिकवून झाला. खेळात तीच गोष्ट एका ओळीत नोंदवली जात होती, आणि त्या वेळी लढाई सगळ्यांची एकदमच चालायची, मध्ये थांबवता यायची तेवढंच. आळीपाळीने खेळायची सोय त्यात २०२० मध्ये आली. हा फरक लोक समजतात त्यापेक्षा मोठा आहे. सगळे एकदम हलतात तेव्हा कशाने काय झालं हे नवख्याला दिसूच शकत नाही. एकाने एक केलं आणि त्याचं एक फळ मिळालं, असं दिसलं तरच माणूस शिकतो.

त्या खेळात काठिण्याची सोय नव्हती असं नाही. एवढ्या घुंड्या होत्या की रेडिओ दुरुस्त करणाऱ्यालाही घाम फुटावा. सगळ्यात अवघड पातळीचं नावच ‘अनफेअर’. प्रामाणिकपणा आवडला मला. पण घुंडी कमी केली तरी थव्याला तलवार लागत नाही हे गुपित ते गुपितच.

चांगली उदाहरणं का नाहीत? आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हल्ल्याआधी टक्के दाखवतो आणि कशामुळे वाढले, कशामुळे घटले हेही उलगडतो. चालायची रेघ ओढत असतानाच फुकटचा वार कुठे बसेल तिथे खूण करतो. जाऊबाईंना ती खूण दिसली असती तर हे पत्र झालंच नसतं. २०२१ चा ‘सोलास्ता’ फासे पडद्यावर घरंगळत दाखवतो, आणि अंधारातल्या शत्रूवर नेम धरला की दोन फाशांतला लहान घ्यायला लावतो. मशाल का न्यायची हे त्यामुळे एका लढाईत कळतं. याला मी शिकवणं म्हणते. कुणी बाजूला घेऊन व्याख्यान देत नाही, हातातल्या कामातच ते येतं.

‘बाल्डर्स गेट ३’मध्ये फाशांना जरा दयाळू करायचीही सोय आहे, सलग वाईट दानं पडू नयेत म्हणून. यावर माझं मत जरा कडू आहे. पटावर मी फासे उघडे टाकते आणि पडलेलं दान कधी बदलत नाही. एकदा बदललं की मुलांना कळतं, आणि मग जिंकण्यालाही चव राहत नाही. हवं त्याने वापरावं. पण फासा लपून गोड करण्यापेक्षा फासा समजावणं बरं.

आता जुने खेळाडू म्हणतील, आम्ही कसे शिकलो? मरत मरत. मी त्यांच्यातलीच आहे. आणि मला सोपा खेळ नकोच आहे. बारावीचा पेपर मी काढते तेव्हा मुलं रडतात. पण पेपर अवघड असणं वेगळं आणि अभ्यासक्रमाबाहेरचा असणं वेगळं. दुसऱ्याबद्दल मोर्चे निघतात. शिवाय आम्ही मरत मरत शिकलो तेव्हा आमच्याकडे अख्खी मे महिन्याची सुट्टी होती. एकसष्ट वर्षांच्या बाईकडे तुमच्यासाठी एक शनिवार होता, तोही पनवेल गाडीचा.

ठाण्यात राहणाऱ्याला तिखट-मध्यम हा फरक सांगावा लागत नाही, मामलेदारची मिसळ आहे आमच्याकडे. ज्याला झेपत नाही त्याने मध्यम मागवावी, लाज नाही. तुमची डिफिकल्टीची घुंडी तशी आहे, ती असू द्या. पण तिखट कमी केल्याने पाव कसा बुडवायचा ते कळत नाही. मुंज्याचे तीन हिट पॉइंट काढून घेतलेत तेव्हा तुम्ही जाऊबाईंना शिकवायची संधीच काढून घेतलीत. चार घावांत संपणाऱ्या लढाईत नियम उघडा पडायला वेळच मिळत नाही. मग तो वाड्याच्या चौकात सहा मुंज्यांसकट एकदम अंगावर येतो.

आपल्याकडे याचं उत्तर शंभर अंगणांत पडून आहे. कच्चा लिंबू. डबा ऐसपैस असो, लगोरी असो, विषामृत असो, शेजारणीचं पाच वर्षांचं पोर येऊन उभं राहिलं की कुणीतरी मोठी मुलगी म्हणायची, “हा कच्चा लिंबू.” बघा हं काय व्हायचं. त्याच्यासाठी वेगळा सोपा खेळ मांडत नसत. कोपऱ्यात बसवून नियमही वाचून दाखवत नसत. तो त्याच अंगणात, त्याच नियमांत, सगळ्यांबरोबर धावायचा. पकडला की “धरला!” असा ओरडाही व्हायचा. फक्त त्याच्यावर राज्य यायचं नाही आणि तो बाद व्हायचा नाही. तेवढी एक सवलत. बाकी सगळं खरं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तेच पोर “मी आता कच्चा नाही” म्हणून भांडायचं.

तुमच्या खेळात हे सहज होण्यासारखं आहे. मुंजे सातच हिट पॉइंटांचे ठेवा. संधीवार ठेवा, फासे जसे पडतील तसे पडू द्या. पहिल्या दोन-तीन लढायांत मांत्रिक पडला तर त्याला मरू देऊ नका; पिंपळाखाली बेशुद्ध पडू दे, सकाळी गुरव पाणी मारून उठवेल. पण कशाने पडला ते त्या गुरवाच्या तोंडी घाला. “तिघांच्या पुढ्यातून पाठ फिरवलीस होय?” एक वाक्य. लहानपणी आजी आम्हाला पट शिकवायची, कवड्या आणि सोंगट्यांचा. सोंगटी मारून उचलली की ती बाजूला ठेवताना म्हणायची, “फुलीवर असतीस तर वाचली असतीस गं.” फुलीवरची सोंगटी मारता येत नाही हा नियम मला कुणी आधी सांगितला नव्हता, आणि त्यानंतर पुन्हा सांगावा लागला नाही.

आणि एक युक्ती, जी मी त्याच्या पुढच्या रविवारी वापरली. जाऊबाई स्वतःहून आल्या, “आपलं ते मुंज्यांचं लाव बघू.” कागदावर पार काढला. मुंजे म्हणून शर्टाची चार बटणं, मांत्रिक म्हणून वेलदोडा, मावळा लवंग, वैद्यीण बडीशेपेचा दाणा. तो दोनदा उडाला. आकडे तुमचेच, एकही बदलला नाही. फक्त पहिल्या फेरीत एका मुंज्याला मी मूर्खासारखं वागवलं: मावळ्याला भिडल्यावर तो पाठ फिरवून वैद्यिणीकडे निघाला. मी म्हटलं, “थांबा. तुमच्या पुढ्यातून गेला. फुकटचा वार तुमचा. टाका दान.” सतरा पडले. जाऊबाईंनी असं टाळीसारखं बोट वाजवलं! “म्हणजे त्यांनी मला केलं होतं ते हेच?” हेच.

नियम आधी शत्रूच्या अंगावर शेकू द्या. सोपी पातळी करायचीच असेल तर मुंज्यांचं रक्त कमी करू नका, अक्कल कमी करा. नवखा करेल त्याच चुका मुंज्यांना करू द्या, आणि त्या चुकांचा फायदा नवख्याला मिळू द्या. पुढच्या पाराला मुंजे शहाणे झालेले असले तरी चालेल, तोवर तोही झालेला असतो.

त्या दिवशी मांत्रिक घेरला गेला तेव्हा मी फक्त विचारलं, “नक्की चालतच जायचं?” पटावरच्या कुठल्याही डीएमचं हे सगळ्यात मोठं हत्यार आहे, ‘नक्की?’ तुमच्या खेळात ते नाही. जाऊबाईंचं बोट वेलदोड्यावर थांबलं. मग त्या म्हणाल्या, “नाही. निसटते.”

आणि हरल्या. आशीर्वाद फार उशिरा टाकला, वैद्यीण दोनदा एकवर घसरली, मुंज्यांना दानं चांगली पडली. लवंग सगळ्यात शेवटी पडली. त्यांनी बटणांकडे बघितलं, फासा उचलला, ओंजळीत खुळखुळवला आणि म्हणाल्या, “परत लाव.”

तुमच्याकडे जिंकून उठल्या आणि माझ्याकडे हरून बसल्या, एवढाच फरक मला दाखवायचा होता. तोही त्याच आकड्यांवर.

शब्दांविषयी जाता जाता. ‘निसटणे’ झकास आहे, ठेवा. ‘संधीवार’ मात्र छापायला चांगला आणि ऐकायला गुरुवार-शुक्रवारसारखा वाटतो. ‘फुकटचा वार’ म्हणा, मुंजासुद्धा समजेल. ‘चिलखत श्रेणी’ चालेल, पण लोक बोलताना ‘एसी’च (आर्मर क्लास) म्हणणार, आमच्याकडे एका गृहस्थांना पहिल्या दिवशी कुणीतरी “काका, तुमचा एसी किती?” विचारलं, तर ते म्हणाले, “सव्वीसवर ठेवा, मला सर्दी होते.” असली अडचण कुठल्या चौकटीने सुटत नाही, ती हसून सुटते.

आणखी एक विनंती, ही जरा नाजूक. कच्चा लिंबू असण्याला लाज चिकटलेली असते. ‘बाल’, ‘सुलभ’, ‘आरंभी’ असली लेबलं पडद्यावर कायम लटकवून ठेवू नका. सवलत कधी सोडायची ते खेळणाऱ्याला गुपचूप ठरवू द्या. आमच्या अंगणातसुद्धा कुणी जाहीर करायचं नाही, एक दिवस त्याच्यावर राज्य यायचं आणि तो पळत जाऊन डोळे मिटून शंभर मोजायला लागायचा. आणि ज्यांना एकदा हरलं की खेळच संपवायचा शौक आहे त्यांच्यासाठी ‘बाल्डर्स गेट ३’ने नंतर वेगळी ‘ऑनर’ पातळी दिली, तशी तुम्हीही द्या. मीच पहिली खेळेन.

तुमचा खेळ मला आवडलाय. विझलेली पणती, पिंपळाची सळसळ, मुंज्याच्या शेंडीची गाठसुद्धा कुणीतरी जीव लावून काढलीय. नसता आवडला तर वेलदोडे-बडीशेप मांडत बसले नसते.

येत्या रविवारी चार वाजता नौपाड्यात या, पाचही जण. लॅपटॉप आणा, पण तो पिशवीतच राहू द्या. आधी दोन तास नुसतं बसून बघा. जाऊबाईंनी आता मांत्रिक सोडून वैद्यीण घेतलीय, आणि पहिल्याच चालीत आशीर्वाद टाकणार आहेत असं त्यांनी शेजारच्या दोघींना सांगून ठेवलंय. त्या दोघीही येणार आहेत. तुमच्यासाठी जाऊबाईंचा एक निरोप आहे, तो तसाच्या तसा देते: “त्यांना सांग, मुंजे सहा लावा म्हणावं. चारात काही मजा नाही.”

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
नौपाड्याची गणितवाली